मोबाइल, तुराटी आणि चिंचोके
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

दसरा झाला, टोळ्या गेल्या. बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावांत आता निम्म्या घरांना कुलपं दिसतात. कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्यावर गेले, तान्ही लेकरं सोबत गेली, आणि शाळेत जाणारी मागं राहिली. काही हंगामी वसतिगृहात, पण बरीचशी आजीजवळ. जाताना आईबाप घरात एक मोबाइल ठेवून जातात. रात्री कोपीवरून बोलता यावं म्हणून. तो मोबाइल दिवसभर कोणाच्या हातात असतो, हे आम्ही सांगायला नको.

गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एक आजी हमखास विचारतात, "मोबाइलवर अआइई लावून दिलं तर पोरगं वाचायला शिकतं का गं?" दुसऱ्या म्हणतात, "शिकतंय कसलं, डोळे फोडून घेतंय." गेले दोन हंगाम आम्ही आमच्या ओसरीवर संध्याकाळी पहिली-दुसरीची लेकरं घेऊन बसतो. त्यावरून आमचं मत असं झालंय की दोघींचंही अर्धं बरोबर आहे. नुसता मोबाइल लावून दिला तर लेकरू वाचायला शिकत नाही. पण दहा मिनिटं मोबाइल कानाला आणि मग अर्धा तास हाताला काम, असं केलं तर त्याच मोबाइलचा चांगला उपयोग होतो. हे करायला घरातल्या माणसाला वाचता आलंच पाहिजे असंही नाही. आजचं बोलणं त्याच्यावरच.

आधी एक आकडा सांगतो, म्हणजे आपण हे का करतोय ते कळेल. 'असर' नावाची पाहणी होते. त्यात गावोगावी, घरी जाऊन लेकरांपुढं एक कागद धरतात. त्यावर आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. लेकरू कुठपर्यंत पोचतं ते बघतात. २०२४ च्या पाहणीत देशभरच्या ग्रामीण भागात तिसरीच्या शंभर लेकरांतली साधारण २७ लेकरंच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. म्हणजे तिसरीच्या वर्गात बसलेल्या चार लेकरांतल्या तिघांना दुसरीचं वाचन जमत नव्हतं. सरकारनं ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं ते ह्याचसाठी, की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं. तिसरीपर्यंत वाचता आलं नाही तर पुढं गणित, विज्ञान, भूगोल सगळंच अडतं, कारण सगळं पुस्तकातूनच यायचं असतं. मग लेकरू गप्प बसायला लागतं. सातवी-आठवीत म्हणतं, "मी येतो तुमच्यासंगं उसाला." हे आपण आपल्या घरात बघितलंय. त्यात पोरगी असली तर तिच्यापुढं दुसरंही ताट वाढून ठेवलेलं असतं, लग्नाचं.

आता वाचन म्हणजे काय, ते बघू. आपल्याला वाटतं लेकराला अक्षरं ओळखता आली की झालं. तसं नसतं. बोलताना 'कान' हा शब्द आपण एका दमात म्हणतो. लेकराला तो अख्खा ऐकू येतो, जसा लाडू अख्खा दिसतो. त्यात 'का' वेगळा आणि 'न' वेगळा आहे, हे आधी कानाला कळावं लागतं. मग डोळ्याला. म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही अक्षर दाखवतच नाही. नुसते खेळ. नावाला टाळ्या वाजवायच्या: मा-मा, दोन टाळ्या. घरात 'का'नं सुरू होणारं काय काय आहे? काठी, कांदा, कात्री, काडेपेटी. ज्याला नवं सुचेल त्यानं पळत जाऊन ती वस्तू आणायची. एका घरातून एकदा 'काका' ओढत आणले होते. ह्या खेळाला ना मोबाइल लागतो ना पाटी. आजी भाकरी थापता थापता खेळवू शकतात. आज्यांना उखाणे येतात, कोडी येतात, ओव्या येतात. शब्दाचा शेवट जुळवायची सवय त्यांच्या कानाला आहेच. खरं सांगायचं तर ह्या पंधरा दिवसांत आज्याच मास्तरीण असतात.

मग अक्षरं. इथं आम्ही एक गोष्ट उलटी केली. अ पासून ज्ञ पर्यंत घोकवत नाही. घोकलेलं लेकरू 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' गाण्यासारखं म्हणतं, पण मधलाच 'न' दाखवला की त्याला पुन्हा 'क' पासून सुरू करावं लागतं. फलटणला मॅक्सिन बर्नसन ह्या अमेरिकेतून आलेल्या आणि इथल्याच झालेल्या बाईंनी प्रगत शिक्षण संस्था काढली आणि लहान मुलांच्या मराठी वाचनावर आयुष्यभर काम केलं. आता बऱ्याच ठिकाणी थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा बरोबरच शिकवून लगेच शब्द करायला लावतात. आम्हाला ती रीत पटली, कारण लेकराला पहिल्या आठवड्यात खरा शब्द वाचायला मिळतो.

आम्ही चार अक्षरं आणि काना घेतो. क, म, न, र. बस. रेडिओवर अक्षर दाखवता येत नाही, म्हणून आता ऐकता ऐकता एक तुराटी मोडून हातात घ्या. बोटाएवढा तुकडा. हा आपला काना. जुन्या लग्नपत्रिका फाडू नका, त्यांची मागची कोरी बाजू चांगली जाड असते. तिचे चौकोन कापा, एकेकावर ठसठशीत अक्षर काढा. प्रत्येक अक्षराचे दोन-दोन चौकोन करा, म्हणजे 'काका' आणि 'मामा' करता येतात. आता 'क'च्या चौकोनाशेजारी तुराटी उभी ठेवली की 'का'. उचलली की पुन्हा 'क'. लेकरं हे पन्नास वेळा करतात. ठेवतात, म्हणतात, उचलतात, म्हणतात. काना म्हणजे काय हे फळ्यावर सांगून कळत नाही ते काडी ठेवून कळतं.

ह्या पाच चिन्हांत किती शब्द होतात बघा. कान, नाक, मान, मका, रान, काम, काका, मामा, नाना, कमान, नमन, करा, मार. सगळे घरातले. 'नाक' म्हटलं की लेकरानं नाकाला हात लावायचा, 'मका' म्हटलं की कणीस दाखवायचं. 'कान'चे चौकोन उलटसुलट करून 'नाक' झाल्याचं ज्या दिवशी लेकराला कळतं, त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

लिहिणं हाताला लागावं म्हणून चिंचोके. अंगणात खडूनं किंवा कोळशानं मोठं अक्षर काढायचं आणि लेकरानं रेघेवरून चिंचोके मांडायचे, जिथून लिहायला सुरुवात होते तिथूनच. दुसऱ्या दिवशी ताटात बारीक वाळू किंवा राख पसरून बोटानं. तिसऱ्या दिवशी पिठाच्या वळ्या करून. वरची रेघ सगळ्यात शेवटी. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, असं आम्ही सांगतो. तीन वर्षांच्या आतलं भावंड जवळ असेल तर चिंचोके बाजूला ठेवा. नाकात घालतात, आणि मग वाचन राहतं बाजूला, दवाखाना सुरू होतो.

आता मोबाइल कशासाठी? तो तीन कामांना येतो.

पहिलं काम, नीट उच्चार आणि गोष्ट ऐकवणं. आमच्या शाळेतल्या बाई रोज संध्याकाळी गटावर दोन मिनिटांचा आवाज पाठवतात. आजची अक्षरं, आजचे शब्द, एक छोटी गोष्ट. आजी नुसतं त्रिकोणी खुणेवर बोट ठेवतात. आवाजाला डेटा कमी लागतो, व्हिडिओला जास्त, म्हणून आवाजच बरा. बालभारतीच्या पुस्तकात चौकटीचं चिन्ह असतं, क्यूआर कोड म्हणतात त्याला. दीक्षा ॲपमधून ते चिन्ह मोबाइलला दाखवलं की त्या पाठाचं ऐकायला-बघायला मिळतं. प्रथम बुक्स ह्या संस्थेचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून. त्यावर मराठीत कितीतरी चित्रगोष्टी फुकट आहेत. गावात कुणाकडं चांगलं नेट असेल तिथं बसून आठवड्याच्या दोन गोष्टी उतरवून घ्याव्यात. ज्या गोष्टीत बोलला जाणारा शब्द खाली रंगतो, ती आधी निवडा. कानात शब्द पडतो त्याच वेळी डोळ्यासमोर तो शब्द येतो. ही युक्ती जुनी आहे बरं का. अहमदाबादच्या ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये हा विचार मांडला आणि १९९९ मध्ये गुजराती दूरदर्शनवर सिनेमाच्या गाण्यांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवायला सुरुवात झाली. लोक गाणं म्हणायला म्हणून बघायचे आणि त्यांचं वाचन सुधारायचं. आजींना भजन आवडतं ना, मग मोबाइलवर शब्द दिसतील असंच भजन लावा. लेकरू शेजारी बसून बोट फिरवेल.

दुसरं काम, लेकराचा आवाज धरून ठेवणं. आज वाचलेलं पंधरा दिवसांनी त्यालाच ऐकवायचं. पहिल्या वेळी "का...न... कान" असं अडखळलेलं असतं आणि आता धडाधड वाचतं. ते स्वतःच हसतं. त्याला शाबासकी द्यायला कोणी लागत नाही.

तिसरं काम आमच्या मते सगळ्यात मोठं, आणि ते शहरातल्या लोकांना सुचणार नाही, कारण त्यांची लेकरं आईपासून पाच महिने लांब नसतात. कोपीवरून आई रात्री फोन करते. जेवलास का, शाळेत गेलतास का, आजीला त्रास देऊ नको, एवढंच बोलणं होतं. आम्ही आयांना सांगितलं, फोन ठेवायच्या आधी रोज एक वाक्य आवाजात पाठवा. काहीही. "आज आम्ही रानात मका भाजून खाल्ला." "मामा काल कारखान्यावर भेटले." सकाळी आजी ते वाक्य लावतात. बाई किंवा गटातली कोणी शिकलेली पोरगी ते मोठ्या अक्षरात लिहून देते. आणि लेकरू त्यातलं जे येतं ते ओळखतं. 'रान' आलं, 'मका' आला, 'मामा' आले. राहिलेलं बाई वाचून दाखवतात. मग लेकरू उत्तराचा एक शब्द चिंचोक्यांनी मांडतं, आजी त्याचा फोटो काढतात आणि तो जातो आईकडं. कित्येक आयांना स्वतःला वाचता येत नाही. तरी फोटो येतो तेव्हा कोपीतल्या दोन-चार बाया गोळा होतात, कोणीतरी वाचून दाखवतं. एका आईनं तर मुकादमाकडून वाचून घेतलं. त्यानं 'नमन' वाचलं, तिनं दोनदा वाचायला लावलं.

पुस्तकातल्या धड्यात विमानतळ असतो, समुद्र असतो. असू दे, तोही वाचावा. पण पहिलं वाचन आईच्या तोंडच्या वाक्याचं असलं तर लेकराला कळतं की कागदावरची ही खूण म्हणजे बोलणंच आहे. ते कळायलाच पुष्कळ लेकरांना दोन-दोन वर्षं लागतात.

आता मोबाइलच्या उणिवा. काही ॲप लेकराचं वाचन ऐकून बरोबर-चूक सांगतात. चांगली सोय आहे. पण यंत्राला पुस्तकी उच्चार ठाऊक असतो. आपलं लेकरू 'पाणी' वाचताना 'पानी' म्हणालं, तर यंत्र चूक धरू शकतं. लेकरानं शब्द बरोबर ओळखलेला असतो, फक्त आपल्या बोलीत म्हटलेला असतो. तिथं आजींनी म्हणावं, "बरोबर आहे, पुस्तकात त्याला पाणी म्हणतात." रागवायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. पहिल्या वर्षी जिभेवरून हसलं की ते लेकरू वाचायला तोंडच उघडत नाही. तसंच 'च' आणि 'ज'चं. 'चार' मधला च वेगळा आणि 'चाक' मधला वेगळा. 'जेवण' मधला ज वेगळा, 'जाळं' मधला वेगळा. अक्षर मात्र एकच. व्हिडिओत बहुतेक एकच उच्चार सांगतात. आपण दोन्ही शब्द म्हणून दाखवावेत, लेकराला आपोआप जमतं, कारण बोलायला त्याला दोन्ही येतातच.

लेकरू मोबाइलवर अक्षर गिरवतं, तेही लिहिणं नव्हे. काचेवर बोट कसंही फिरलं तरी रेघ सरळ उमटते. राखेत मात्र वाकडं काढलं तर वाकडंच दिसतं. म्हणून ऐकून झालं की विमानाचं चिन्ह दाबायचं, मोबाइल पालथा घालून फडताळावर ठेवायचा. चालू मोबाइल शेजारी असेल तर लेकराचं अर्धं लक्ष तिकडंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तेवढं बरं. जेवताना मोबाइल लावून घास भरवणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.

आणखी एक. मागच्या वर्षी एक जण गावात अभ्यासाची टॅब हप्त्यावर विकायला आला होता. "तुमचा मुलगा सहा महिन्यांत फाडफाड वाचेल" म्हणून. दोन घरांनी उचलीच्या पैशातून घेतली. टॅब आज पेटीत आहे, हप्ते चालू आहेत. गटाच्या कर्जातून असल्या वस्तूला पैसे द्यायचे नाहीत असा ठराव आम्ही केलाय. तुम्हीही बैठकीत विषय काढा. घरात आहे तो मोबाइल पुरे.

हाताला येईल ते घेऊन शिकवायची रीत आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजच्या पालघर जिल्ह्यात. लेकरं शाळेत येईनात, तर ह्या बायांनी शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथंच. विकतची महागडी साधनं कुठली? दगडगोटे, पानं, बिया, शिंपले घेऊन मोजायला, लावायला, ओळखायला शिकवलं. अनुताई स्वतः बालविधवा होत्या, नंतर शिकल्या. मोबाइल त्यांच्या काळात असता तर त्यांनी तोही कुरणात नेला असता असं आम्हाला वाटतं, आणि शिंपले मात्र खिशात ठेवले असते.

आता आज्यांचा खरा प्रश्न. "मला वाचायला येत नाही, पोरगं बरोबर वाचतंय का चूक, मी कसं सांगू?" आजी, तुम्ही तीन गोष्टी करा. एक, तुम्ही शब्द म्हणा, "रान", आणि त्याला चौकोन मांडायला सांगा. मग बाईंचा आवाज लावा, त्याच्याबरोबर बाईंनी पाठवलेला शब्दाचा फोटो उघडा. चौकोन फोटोसारखे दिसतात का, एवढं डोळ्यानं जुळवायचं. साडीच्या काठाची नक्षी जुळवता ना, तसं. दोन, त्याला वाचलेलं तुमच्या शब्दांत सांगायला लावा. अर्थ सांगता आला म्हणजे त्यानं वाचलंय, नुसतं पाठ म्हटलं नाही. आणि तीन, त्याला तुम्हाला शिकवू द्या. आमच्या ओसरीवर चार आज्या आता स्वतःचं नाव वाचतात. एकीनं बँकेत अंगठ्याऐवजी सही केली. त्यांना कोणी शिकवलं नाही, नातवानं शिकवलं, आणि शिकवता शिकवता त्याचं पक्कं झालं.

किती दिवस लागतात असं विचाराल तर प्रत्येक लेकराचं वेगळं. काही महिन्याभरात काना घेऊन पळतात, काही वेलांटीला अडतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात पण उच्चार नंतर होतो, तिथं मोठ्यांनीही धीर धरावा. घ-ध आणि भ-म एकाच दिवशी शिकवू नका, सारखी दिसतात म्हणून गोंधळ होतो. एक पक्कं झालं की आठ-दहा दिवसांनी दुसरं.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता समाजमंदिरात आपण चौकोन करायला बसणार आहोत. येताना जुन्या लग्नपत्रिका, कात्री आणि वाटीभर चिंचोके आणा. कोपीवर फोन झाला तर आयांना सांगून ठेवा, बुधवारी रात्री एक-एक वाक्य पाठवा म्हणून. गुरुवारी तीच वाक्यं आपण मोठ्या अक्षरात लिहून काढू. ज्यांच्या मोबाइलची बॅटरी टिकत नाही त्यांनी तो चार्ज करून आणावा, समाजमंदिरात लाइटचा भरवसा नाही.